बेडकांसाठी धुतलेले हातमोजे

हातमोज्यांचं पाकीट देताना कॉलेजच्या मॅडमनी सांगितलं होतं, एका बेडकाला एक जोडी. काम झालं की पिशवीत टाकायची, परत वापरायची नाही. मी मान डोलावली होती.

माझा प्रकल्प बेडकांच्या कातडीवरच्या जिवाणूंचा होता. एक बुरशी कातडीत वाढून बेडकांना मारते आणि काही जिवाणू तिला वाढू देत नाहीत. आपल्याकडच्या बेडकांच्या अंगावर यातलं काय आहे, ते पाहायचं होतं. पहिल्या रविवारी अकलोलीजवळ मामाच्या भातखाचरात गेले. कापूस लावलेली काडी बेडकाच्या पोटावरून फिरवत होते आणि मामा बांधावर बसून बघत होता.

"बेडकाची पन कोरोना टेस्ट हाय का?"

"तसंच समज."

"मग नाकात घाल की. पोटावर काय गावनार?"

वापरलेले मोजे कॉलेजात नेऊन टाकायचे म्हणून टेमघरला घरी आणले. सोमवारी पाहते तर आईने ते साबणाने धुऊन दोरीवर, दुधाच्या पिशव्यांशेजारी वाळत घातलेले.

"एकदा घालून टाकतात का कुनी? चांगले हायत की."

खरं तर मलाही ते टाकवत नव्हते. पुढच्या रविवारी मामाच्या गावापलीकडच्या ओढ्यावर गेले, ते तेच मोजे घेऊन. वहीत मात्र प्रत्येक बेडकापुढे 'हातमोजे नवीन' लिहिलं.

बुधवारी मॅडम वर्गात म्हणाल्या, ही बुरशी नव्या पाण्यात पुष्कळदा माणसंच नेतात, बुटांवरून, जाळ्यांवरून. त्यापुढचं मी ऐकलंच नाही. खाचरात बुरशी असली, तर ती मीच ओढ्यात नेली असणार. साबणाने ती मरते का? विचारायचं तर सगळंच सांगावं लागणार होतं. वडप्याच्या गोदामात बाबा सगळ्यांना सांगतात, आमची पोरगी बेडकांची डॉक्टर होणार. आमच्यात कॉलेजला गेलेलं दुसरं कुणी नाही. दोन दिवस मी विचारायचं टाळलं. पुस्तक उघडायचं, मिटायचं, उगाच गॅलरीत जायचं, असं चाललं होतं.

शुक्रवारी सांगून टाकलं. मॅडमनी वही मागितली. मी घाईने 'नवीन' हा शब्द पेनाने गिरगटायला लागले.

"गिरगटू नकोस. एकच रेघ मार, खालचं वाचता आलं पाहिजे. बाजूला खरं लिही."

'धुतलेले' असं मी अकरा वेळा लिहिलं. ओढ्याचे सगळे नमुने बाद झाले.

"मॅडम, ओढ्यात बुरशी गेली असेल का?"

"खाचराचे नमुने आधी तपासू. तिथे नसेल, तर तू नेलेली नाहीस. असेल, तर ओढ्यावर लक्ष ठेवावं लागेल. तोवर पाण्यात उतरायचं नाही."

तपासणी अजून चालू आहे. रविवारी मी ओढ्यावर जाते आणि वरच्या रस्त्यावरूनच बघते. आजारी बेडूक सुस्तावतो, चटकन उडी मारत नाही, एवढं मला माहीत आहे. काल दगडावरचा एक बराच वेळ हलला नाही. मामा सोबत होता.

"जा की खाली. हात लावून बघ जित्ता हाय का."

"नको."

मामाने मग एक खडा उचलला. मी त्याचा हात धरला, आणि आम्ही दोघं त्या बेडकाकडे बघत उभे राहिलो.