अकरा वेळा चिंचोका

सिरसाळ्याच्या माझ्या मामांइतका नशिबावर कमी भरवसा ठेवणारा आणि तरी नशीब इतकं बारकाईनं मोजणारा माणूस अख्ख्या बीड जिल्ह्यात झाला नसेल. शाळा चौथीपर्यंत, पण शेंगदाण्याच्या पोत्यात किती दाणे खवट निघणार, हे मूठमूठ खाऊन त्यांनी आधीच ठरवलेलं असायचं. पहिलाच दाणा खवट लागून मामींनी तोंड वाकडं केलं, की म्हणायचे, "एका दाण्यावरून पोतं कावून बदनाम करतीस? अजून एकोणीस खा." गावात एसटीडीचा पिवळा डबा आला, तेव्हा लोक दोनदा नंबर फिरवून घरी जायचे. "तीनात एकदा लागतोय," हा मामांचा शोध. ते लागेपर्यंत फिरवत बसायचे आणि मागची रांग त्यांचा उद्धार करत बसायची.

मी बारावी झाले. बीडच्या कॉलेजात जायचं का, हा निकाल माझ्या वडलांनी, आप्पांनी, घरच्या रीतीप्रमाणे महादेवापुढं सोडला. अर्धा फोडलेला चिंचोका टाकायचा. आतली बाजू पांढरी, पाठ काळी. पडेल ते ऐकायचं. मामा स्वतःचा चिंचोका घेऊन हजर.

"दाजी, पांढरं आलं तर पोरगी बीडला, काळं आलं तर घरी. पण अकरा वेळा टाकायचं. जे जास्त ते खरं."

"अकरा कावून?"

"एकदाच इचारलं तर देवाला नीट आयकू येत न्हाई."

पहिले तिन्ही काळे. आप्पा उठले. मामांनी त्यांचं धोतरच धरलं. "बसा दाजी. अजून आठ बाकी हायत."

शेवटी सहा पांढरे, पाच काळे.

फाट्यावर एसटीची वाट बघताना मामा हळूच म्हणाले, "म्या घरी शेकड्यानं टाकून बघितलाय. धा वेळा टाकला की सहा वेळा पांढरंच पडतंय."

मी आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर, आणि हे मी कुणापासून लपवत नाही. संख्याशास्त्र शिकल्यावर सुट्टीत कागद घेऊन मामांकडं गेले. "मामा, तुमच्या हिशोबानंसुद्धा चारात एकदा आपण हरलो असतो!"

त्यांनी कागदाकडं बघितलंही नाही. "मग एकवीस टाकायला लावले असते. तुला बीडला धाडल्याबिगर म्या उठणार नव्हतो."

आज मामा नाहीत. चिंचोका माझ्या कंपासपेटीत आहे. वर्गात संभाव्यता शिकवताना मी तोच काढते. परवा अकरा वेळा टाकला, सहा काळे आले.

"बाई, हरलात!" पोरी हसल्या.

"बसा," मी म्हणाले. "अजून धा बाकी हायत." आणि टाकत राहिले.