काठाच्या अलीकडे

नरडाण्याजवळच्या गावचे हे सर धुळ्याच्या कॉलेजात माझ्या शेजारच्या टेबलावर प्रयोग करतात. दोन काचांमध्ये वाळू आणि चुन्याची भुकटी भरायची, एका बाजूने सौम्य आम्ल सोडायचं. नुसतं पाणी सगळ्या रुंदीभर सारखंच पुढे सरकतं. आम्ल मात्र चुना खात बोटासारखी वाट काढतं; मग मागचं सगळं त्याच वाटेने धावतं.

"आमनी गल्ली अशीच कामले सुरतले गई," ते म्हणतात. "पहिले मना मोठा भाऊ, मंग त्याना मांगे बठ्ठा, एकूणएक घर."

वाट काठाला टेकणार, तेवढ्यात ते तोटी बंद करतात. दर वेळी प्रयोग अर्धाच राहतो.

आज मी चिडलोच. "सर, जाऊ द्या की एकदा पार!"

त्यांनी वाटेच्या टोकाशी काचेवर बोट ठेवलं.

"हाई एक तं गावमा ऱ्हाऊ दे, भाऊ."