कन्नड कागदाच्या शेवटच्या दोन ओळी

चहा आला आणि मी शेवटच्या दोन ओळी गाळल्या. सीमेवरच्या आमच्या मेहकरच्या शाळेत कलबुर्गीहून संशोधनाचं पथक आलं होतं. संमतीचा कागद कन्नडमध्ये. शेतमजुरी करणाऱ्या बाणूबाईला कन्नड फडाफडा बोलता येतं, वाचता येत नाही. म्हणून मी, गावचा निवृत्त मास्तर, चष्मा सावरून मराठीत सांगत होतो. रक्तात मायक्रोआरएनए नावाचे अतिसूक्ष्म रेणू फिरतात, थायरॉईडला सूज धरली की त्यांचं प्रमाण बदलत असावं, त्यावरून आजार ओळखता येईल का ते बघायचंय. एवढ्यात कपबशी पुढं आली. "बाकी किरकोळ हाय," म्हणालो आणि फुर्र केलं.

बाणूबाईनं अंगठा दिला, तिच्या लेकीनं, तेजश्रीनं सही केली, दोघींनी रक्त दिलं.

बाणूबाईचं थायरॉईड सात वर्षांपूर्वीच कामातून गेलेलं. त्याआधी खुरपणीत ती दोन बायांची पात, म्हणजे वाट्याची पिकाची ओळ, एकटी ओढायची, वर मुकादमाची नक्कलही करायची. मग गळा सुजला, आवाज घोगरा झाला, भर वैशाखात ती घोंगडी पांघरू लागली. नवरा पिराप्पा म्हणायचा, "आज्यानं समदी मेंढरं इकली, ही एक कशी ऱ्हायली की!" त्यावर सगळ्यांत मोठ्यानं तीच हसायची. रोज उपाशीपोटी गोळी घ्यायची, तरी अर्ध्या पातीत बसकण मारायची.

आता एकोणीस वर्षांची तेजश्रीही तशीच बसू लागली होती. तिची थायरॉईडची नेहमीची तपासणी साफ आली होती.

"माझी बी पयली साफच आल्ती," बाणूबाई म्हणायची. पोरीत ते शिरलंय का, एवढंच तिला वेळेत कळायला हवं होतं.

तीन महिने ती माझ्या ओट्याशी थांबायची.

"गुरुजी, रिपोर्ट?"

"यायलाय, अक्का."

"चालत यायलाय का?"

शेवटी मी फोन लावला. पथकातल्या बाई फार सौजन्यानं बोलल्या. नळ्यांवर नावं नाहीत, नुसते आकडे. रिपोर्ट कुणालाच द्यायचा नव्हता; कागदाच्या शेवटी तसं लिहिलंय. आणि याची अजून चाचणी बनलेलीच नाही, नुसता शोध चाललाय. एकट्यादुकट्या माणसाबद्दल त्यातून काही सांगता येत नाही.

मी बाणूबाईच्या घरी जाऊन सगळं कबूल केलं. तेजश्री भिंतीला टेकून भाकरी थापत होती, मधेच हात थांबवून श्वास घेत होती.

"म्हंजे आमचं रगत तितं हाय," बाणूबाई म्हणाली, "पर आमी न्हाई."

मला गप्प राहवेना. "अक्का, दहा-बारा वर्षांत खरी चाचणी निघंल. तवा तेजूची पयली करू."

तिनं लेकीकडं पाहिलं.

"तवर तिचा गळा आंधळ्याला बी दिसंल, गुरुजी."