साहिलला थांबवायला सांगितलं, मी त्याला जा म्हटलं

मंडळी, आज मी आमच्याच कॉलेजची कबड्डी टीम बुडवली!

सकाळी इथे सौदीत, बुरैदाला नाश्ता करत होतो, तेवढ्यात कोकणातून कॉलेजच्या कदम सरांचा फोन आला. मला कबड्डी त्यांनीच शिकवली. "अरे मुनाफ, आपल्या साहिलला पुण्याचं कॉलेज फी माफ करून वर महिन्याला पैसे देतंय. आपण एसटीचं भाडंसुद्धा जेमतेम जमवतो. तू समजाव, तुझं ऐकेल तो."

साहिल म्हणजे आमचा सगळ्यात चांगला चढाईपटू. लगेच त्याला फोन लावला.

"मुनाफभाई, तिकडे गेलो तर आईला काजूच्या कारखान्यात जावं लागणार नाही," तो म्हणाला.

मीही घरासाठीच इथे एसी दुरुस्त करतोय. म्हटलं, "जा, आणि पहिल्याच सामन्यात सुपर रेड मार!"

मग घाबरतच सरांना सांगितलं. सर खो खो हसले. "बरं केलंस रे. मलाही त्याला जा म्हणायचं होतं, पण जीभ उचलत नव्हती."

सोमवारपासून सर नव्या पोरांना घेऊन मैदानात उतरतायत. त्यांच्या बुटांचा खर्च आम्ही इथल्या कामगार कॅम्पातल्या तिघा माजी खेळाडूंनी उचललाय.

खरं सांगा, तुम्ही साहिलला थांबवलं असतं का?