चौथी खुर्ची

गुंडोराव रविवारी अकरा वाजता रेकॉर्ड लावतात. अकरा म्हणजे अकरा. दोन मिनिटं उशीर झाला तर दार बंद असतं. मला हे पटतं. एन्नोरच्या एका कारखान्यात मी एकतीस वर्षं लेथवर काढली. तिथलं फाटकही असंच बंद व्हायचं.

ते माझ्या वरच्या मजल्यावर राहतात. तंजावूरकडचं मराठी घराणं, वय एकाहत्तर. नोकरी एग्मोरच्या एका कचेरीत, आलेली बिलं तपासायची. दुसऱ्याची चूक शोधण्याचा पगार मिळत असे आणि ते काम त्यांनी मन लावून केलं. निवृत्त झाल्यावर तीच नजर जुन्या इंग्लिश रॉककडे वळवली. खोलीत आठशे रेकॉर्डी आणि चार खुर्च्या आहेत. एक त्यांची, एक माझी, एक शेषाद्री मास्तरांची. चौथ्या खुर्चीवर बसणारे गृहस्थ गेल्या सप्टेंबरात मुलाकडे कोइमतूरला गेले ते परत आले नाहीत.

कामाक्षीवहिनी, म्हणजे त्यांची बायको, रेकॉर्डची बाजू बदलताना कॉफी आणून देतात आणि जातात. चाळीस वर्षांत त्या आत बसलेल्या नाहीत. लहानपणी सात वर्षं गाणं शिकल्या होत्या. लग्नानंतर ते सुटलं.

त्या दिवशी ट्रे ठेवून त्या थांबल्या.

"ती खुर्ची रिकामीच आहे. मी बसू का?"

गुंडोराव रेकॉर्ड पुसत होते. "बसून काय करशील?"

"ऐकेन."

"कुकरची शिट्टी झाली की उठशील."

"रविवारी कुकर आधीच उरकेन."

"बसू द्या हो," शेषाद्री मास्तर म्हणाले. "आमच्याइतक्या तरी झोपणार नाहीत."

"बघू. सरस्वतीपूजा होऊ दे, मग बघू."

वहिनींनी मान हलवली. त्यांच्या लेखी ती तारीख ठरली.

त्याच आठवड्यात गुंडोरावांनी पेरांबूरच्या एका घरातून तीन अल्बम आणले. घरमालक वारले होते आणि सून कपाट रिकामं करत होती. रविवारी त्यांनी आम्हाला थोडं थोडं ऐकवलं आणि निकाल दिले.

पहिल्याच्या कव्हरवर विजेचा खांब. "गाणारा ओरडतोय, कारण सूर शोधायचे कष्ट नकोत. चाळीस मार्क. तेही बास गिटार वाजवणाऱ्याचे."

दुसरा दोन रेकॉर्डींचा. "एका रेकॉर्डचा माल आणि दोन रेकॉर्डींचा डबा. गिटारवाला अकरा मिनिटं वाजवतो. पाचव्या मिनिटाला त्याचं सांगून झालंय. पुढे नुसता घाम दाखवतो. माझ्या हाताखाली असता तर घरी पाठवला असता."

तिसरा मात्र दोन्ही बाजूंनी पूर्ण वाजवला. "हा ड्रमर बघा. घड्याळ. शेवटपर्यंत एक ठोका इकडेतिकडे नाही. नव्वद."

गिटारवाल्याबद्दल मला त्यांचं पटलं. घाम दाखवणारे मी पुष्कळ पाहिलेत.

मग पूजा आली. इथे दक्षिणेत त्या दिवशी पुस्तकं, वाद्यं, हत्यारं देवीपुढे मांडतात आणि गंध-कुंकू लावतात. विजयादशमीपर्यंत त्यांना कोणी हात लावत नाही. वहिनींनी यंदा नवीन रेकॉर्डीही मांडल्या. कव्हरला बोट लागलं तरी गुंडोराव घर डोक्यावर घेतात, हे त्यांना ठाऊक. म्हणून त्यांनी चारही रेकॉर्डी कव्हरांतून बाहेर काढल्या आणि काळ्या भागावर गंधाचे तीन-तीन टिळे लावले, वर कुंकू. चकचकीत आहे, स्टीलच्या भांड्यासारखं पुसून निघेल, असं त्यांना वाटलं.

लेथला आम्हीही गंध लावत असू. हेडस्टॉकच्या, म्हणजे मोटरीकडच्या डोक्याच्या, झाकणावर. जिथे काही सरकतं तिथे कधी नाही. पण हे आम्हाला कोणीतरी सांगितलं होतं. वहिनींना त्या खोलीतलं कोणी काही सांगितलं नव्हतं.

विजयादशमीला सकाळी गुंडोरावांनी आम्हा दोघांना वर बोलावलं. वहिनी भिंतीशी उभ्या होत्या.

"तुला बसायचं होतं ना? बस."

त्या चौथ्या खुर्चीत बसल्या. गुंडोरावांनी जुनी सुई लावली. रागातही नवी सुई वाया घालवणारा माणूस नव्हे. नव्वद मार्कांची रेकॉर्ड वाळलेल्या गंधासकट फिरवली. टक, टक, टक. सुई उडायची, परत मागे यायची.

"ऐक. हे तुझं गाणं."

बावीस मिनिटं त्यांनी ती बाजू चालवली. वहिनी उठल्या नाहीत. कॉफी कोणी मागितली नाही.

मी उतरताना वहिनी जिन्यापर्यंत आल्या. मी त्यांना सांगितलं, "गंध पाण्याने सुटेल. कुंकवाचे कण खाचेत बसलेत. ते काढता येतील, पण घाई करायची नाही."

"शिकवा, अण्णा."

बॅटरीत घालतात ते पाणी आणलं. शाम्पूचा एक थेंब. दाढीचा जुना मऊ ब्रश. खाच जाते तसाच हात फिरवायचा, आडवा कधी नाही. मधला कागद कोरडा ठेवायचा. मग तिरपा टॉर्च मारून बघायचं. त्यांनी नऊ दिवस रोज दुपारी हे केलं. एकदाही हात आडवा गेला नाही. माझ्याकडे शिकायला आलेल्यांत असे दोनच निघाले होते.

काम करता करता त्या म्हणाल्या, "तो ड्रमवाला घड्याळ नाही. मी भिंतीपलीकडून चारदा ऐकलंय. दुसऱ्या बाजूला तो दमतो. केसभर मागे पडतो. गाणारा त्याच्यासाठी थांबतो. मला तेच आवडतं."

मी घरी आठवून पाहिलं. बरोबर होतं.

रविवारी वहिनींनी चारही रेकॉर्डी गुंडोरावांसमोर ठेवल्या. त्यांनी भिंग लावून एकेक पाहिली. मग नवी सुई लावली आणि दुसरी बाजू वाजवली. टिकसुद्धा नाही.

"काम चोख झालंय," ते म्हणाले.

"तो दमतो तिथे ऐकलंत?" वहिनींनी विचारलं. "शेवटून दुसऱ्या गाण्यात. मागे पडतो."

गुंडोराव मास्तरांकडे वळले. "नऊ दिवस पाण्यात हात घातले, आणि आता ड्रमरला मार्क द्यायला निघाल्यात." मास्तर हसले, मग कपात बघू लागले.

"पूजा झाली," वहिनी म्हणाल्या. "मी बसू?"

"बसून तुझा हात वाया जाईल." त्यांनी वरची फळी दाखवली. "त्या साठ रेकॉर्डी खरखरतात. दहा-दहा घेऊन जा. अशा धुवायला शहरात माणूस मिळत नाही."

आमच्या फोरमनची शाबासकी अशीच असे.

वहिनी खुर्चीजवळ थोडा वेळ उभ्या राहिल्या. मी माझ्या खुर्चीत होतो. तो ड्रमर खरंच दमतो, एवढं सांगायला दोन वाक्यं पुरली असती. पण मग पुढच्या रविवारी दार माझ्यासाठी बंद झालं असतं. मी बोललो नाही.

त्यांनी पहिल्या दहा रेकॉर्डी कडांना धरून उचलल्या. दोन्ही हात गुंतलेले, म्हणून दार पायाने ओढून घेतलं. नळाचा आवाज आला.

"पाणी जरा हळू सोड," गुंडोराव आतूनच म्हणाले आणि त्यांनी बाजू पालटली.