पन्नास मायक्रॉनचे नाना

गॅलरीतल्या थर्मामीटरचा पारा बत्तीसच्या वर गेला की इथेननाना आत येऊन जाहीर करायचे, "संपलं. आता इथेन कोणाच्या बापाचं ऐकणार नाही." बत्तीस अंशांच्या खाली हा वायू दाबून त्याचा द्रव करता येतो. त्याच्या वर गेला की कितीही दाबा, होत नाही. वसईच्या एव्हरशाईन सिटीत आमचे फ्लॅट समोरासमोर होते, त्यामुळे उन्हाळ्यातल्या दर रविवारी ही घोषणा मला दारापलीकडून ऐकू यायची. एकदा मी ग्रंथालयात आकडा पाहून आलो आणि त्यांना जिन्यात गाठून म्हटलं, "नाना, बत्तीस पॉइंट दोन आहे." त्यांनी मला आत नेऊन चहा दिला. आमची ओळख तिथपासूनची.

नोकरीची चोवीस वर्षं त्यांनी एका मोठ्या वायू कारखान्यात काढली होती. समुद्रातल्या विहिरींतून नळाने येणारा वायू थंड करत न्यायचा आणि त्यातून इथेन वेगळा काढायचा, हे त्यांच्या विभागाचं काम. उणे अठ्ठ्याऐंशी पॉइंट सहा अंशांना इथेन उकळतो. सोसायटीतली मुलं त्यांना "उणे नव्वद" म्हणायची, तर नाना थांबून दुरुस्ती करायचे, "एक पॉइंट चारची चूक आहे." इथेनबद्दल ते घरच्या माणसाबद्दल बोलावं तसं बोलत. "रंग नाही, वास नाही. हवा एकोणतीस धरली तर हा तीस. शेजारी येऊन बसला तरी कळायचं नाही. एवढा सभ्य." आतून नानी म्हणायच्या, "एवढा सभ्य माझ्या वाट्याला का नाही आला?" नाना म्हणायचे, "पेट घेतो तो. तुला परवडला नसता."

दोन हजार दोनच्या सुमारास त्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि मिळालेले सगळे पैसे वसई पूर्वेला वालीवच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका गाळ्यात घातले. गाळ्यात प्लास्टिकच्या पिशव्यांचं एक मशीन. मी कारण विचारलं. ते म्हणाले, "सावंत, चोवीस वर्षं मी इथेन पुढे पाठवला. पुढे तो आठशे अंशांच्या वर तापलेल्या नळ्यांतून जातो, सेकंदाच्या आत त्याचे दोन हायड्रोजन सुटतात आणि त्याचं इथिलीन होतं. इथिलीनचे हजारो रेणू जोडले की पॉलिथिनचा दाणा. काही ठिकाणी इथेन अतिथंड यंत्रांत शीतक म्हणूनही वापरतात, पण मुख्य काम हेच. त्यातून निघालेलं काही मी कधी हातात धरून पाहिलं नाही. शेवटचं टोक एकदा बघायचंय."

त्यांच्या खिशात पेनाशेजारी जाडी मोजायचा मायक्रोमीटर असायचा. पिशवीची फिल्म एवढी पातळ की एक पदर त्यात नीट मोजता येत नाही. म्हणून नाना दहा पदर घडी करून मोजायचे आणि दहाने भागायचे. दर अर्ध्या तासाला. एकोणपन्नास मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचे एकोणपन्नास हजारांश, आलं तर तो रोल बाजूला. पन्नास मायक्रॉनची त्या वेळी कोणी सक्ती केली नव्हती. त्यांनीच ठरवलं होतं, की पिशवी धुऊन पुन्हा वापरता आली पाहिजे, नाहीतर समुद्राच्या तळातून एवढं वर काढून उपयोग काय?

अडचण साधी होती. आठ बाय दहा इंचांच्या पिशव्या पन्नास मायक्रॉनने काढल्या तर किलोत दोनशे दहा बसतात, पंधरा मायक्रॉनने काढल्या तर सातशेच्या वर. हा हिशेब मीच करून दिला होता. आजूबाजूचे गाळे पंधराने काढत. व्यापारी येऊन नानांना सांगायचे, "रोलर जरा पळवा, फिल्म ताणली जाईल, पातळ होईल. दोन मिनिटांचं काम." नाना म्हणायचे, "मी बत्तीसच्या वर आहे. दाबून उपयोग नाही." औषधांची चार दुकानं आणि एक मिठाईवाला, एवढ्यांवर गाळा कसाबसा चालत होता.

अर्नाळ्याहून बाजारात मासे घेऊन येणाऱ्या हिराबायला त्यांनी एकदा शंभर पिशव्या अशाच दिल्या. पुढच्या आठवड्यात तिने त्यातल्या नव्वद परत केल्या. "नाना, पिशवी चांगली हाय, कोन नाय म्हनतो? पन गिऱ्हाईक घरी नेऊन ती टाकूनच देतो. टाकायच्या वस्तूला एवढी अंगात ताकद कशाला?" नाना हसले. घरी येताना मात्र मला म्हणाले, "बाई हुशार आहे. तिला उत्तर द्यायला हवं होतं."

मग दोन हजार पाचच्या जुलैमधला तो मोठा पूर आला. पाणी उतरल्यावर आमच्या आवाराबाहेरच्या गटाराची जाळी पिशव्यांनी लिंपली होती. लोक बांबूने चिखल ओढत होते आणि नाना कडेला उकिडवे बसून एकेक पिशवी बादलीत धूत, घडी घालून मोजत होते. "सतरा. माझी नाही. पंधरा. माझी नाही." तळमजल्याचे देशपांडे वैतागून म्हणाले, "नाना, पोस्टमॉर्टेम नंतर करा, आधी हात लावा!" नानांनी ऐकलंच नाही. एकेचाळिसावी पिशवी त्यांनी दोनदा मोजली. मग मला दाखवली. एक्कावन्न.

"ही जास्त टिकेल, सावंत," ते म्हणाले. "बाकीच्या फाटतील तरी."

त्याच आठवड्यात त्यांनी गाळा विकायचं ठरवलं. तेव्हा विकला असता तर बरीच रक्कम हाती राहिली असती. त्यांना थांबवलं मी. पुरानंतर राज्यात जाड पिशव्यांची सक्ती होणार असं बोललं जात होतं, आणि पुढे पन्नास मायक्रॉनचा नियम खरोखरच आला. तो आल्यावर मी एका कागदावर सगळं मांडलं. वसई-विरारमधले भाजीवाले, किराणावाले, रोजच्या पिशव्या, त्यातल्या दहा टक्के जरी नानांकडे वळल्या तरी मशीन दिवसरात्र चालेल. "तुमचा आकडा आता सरकारचा आकडा झालाय," मी म्हटलं. नानांनी कागद दोनदा वाचला. "बेरीज बरोबर आहे," म्हणाले, आणि गाळा न विकता पॉलिथिनचा दाणा भरला.

बेरीज बरोबरच होती. मी आजही ती तपासतो. चूक तिच्या आधीची होती. गिऱ्हाईक पिशवीचे पैसे देत नाही हे मी जमेसच धरलं नव्हतं. फुकट द्यायची वस्तू कोणीही स्वस्तातलीच घेतो, नियम असो की नसो. सुरुवातीला काही दिवस तपासणी झाली, बाजारात पातळ पिशव्या टोपलीखाली गेल्या, मग पुन्हा वर आल्या. नानांच्या गाळ्यात पन्नास मायक्रॉनचे रोल छतापर्यंत चढले. औषधवाल्यांनी कागदी पाकिटं घेतली, मिठाईवाल्याने पुठ्ठ्याचे खोके. दोन वर्षं हे चाललं. नानींनी गॅलरीत उभं राहून माझ्याशी बोलणं बंद केलं, आणि त्यांचं चुकलं असं मला वाटलं नाही.

शेवटी मशीन शेजारच्याच गाळेवाल्याने जुन्या लोखंडाच्या आसपासच्या भावात घेतलं. त्याने एक अट घातली, नानांनी आठ दिवस उभं राहून ते पंधरा मायक्रॉनवर लावून द्यायचं. एवढी पातळ फिल्म त्याच्या माणसांकडून त्या मशीनवर सारखी फाटत होती. मी म्हटलं, "नाही म्हणा." नाना म्हणाले, "नाही म्हणायला माझ्याकडे आता काय आहे?"

आठव्या दिवशी ते संध्याकाळी माझ्याकडे आले. "मालक म्हणाला, नाना, ऐसा माल पूरे वालीव में किसीने नहीं निकाला. दहा ठिकाणी मोजलं मी. दहाही ठिकाणी पंधरा." बोलताना त्यांचा चेहरा जरा उजळला होता. ते त्यांच्याही लक्षात आलं. कप खाली ठेवून ते उठले. त्यानंतर त्यांच्या तोंडून इथेनचं नाव मी ऐकलं नाही. थर्मामीटर गॅलरीत होता, त्याच्याकडे कोणी पाहत नव्हतं.

वर्षाच्या आत नाना गेले. डॉक्टरांनी हृदय सांगितलं. मी त्यात भर घालत नाही, वजाही करत नाही.

दहाव्याला आम्ही निर्मळच्या तळ्यावर गेलो. सामान त्यांच्या मुलाने सकाळी बाजारातून आणलं होतं. तीळ, जव, फुलं, तांदळाचं पीठ, दर्भ, काळा दोरा, प्रत्येक वस्तू वेगळ्या पिशवीत. सात पिशव्या. मी एक बोटांत धरून पाहिली. कुठे पातळ नाही, कुठे जाड नाही, सगळीकडे सारखी, पंधराची असावी. गुरुजींनी जिन्नस ताटात ओतून घेतले आणि पिशव्या पायरीवर टाकल्या. वारा होता. सहा मी पकडल्या. सातवी पाण्यावर गेली. पॉलिथिन पाण्याहून हलकं, ते बुडत नाही. मुलगा पिंड हातात घेऊन वाकला होता, गुरुजी नानांचं नाव आणि गोत्र उच्चारत होते. मी शेवटच्या पायरीपर्यंत उतरून हात लांब केला, पण माझा हात पोचला नाही.