बाईंचं तुटलेलं कडं

समस्त डोंबिवलीकरांस, तसेच डोंबिवलीला हसणाऱ्या समस्त ठाणेकरांस, अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की पूर्वेकडच्या, लिफ्ट नसलेल्या एका इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर, जेवणाच्या टेबलावर, एका मरणाऱ्या ताऱ्याच्या शेवटच्या श्वासाचा नकाशा काढला गेला आहे. तो काढणाऱ्या व्यक्तीस आम्ही ‘बाई’ म्हणत असू. कृपया उभे राहावे. झालं? बसा.

बाई कल्याणच्या एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायच्या. मी तिथलाच ज्युनियर प्राध्यापक, आणि पीएचडीला त्यांच्याच हाताखाली. उरलेल्या वेळात बाई म्हाताऱ्या ग्रहीय तेजोमेघांमधला वायू शोधायच्या. सूर्यासारखा तारा संपत आला की आपली बाहेरची आवरणं अवकाशात सोडून देतो. त्या पसरत गेलेल्या वायूला हे नाव. ग्रहांचा त्यात काडीचा संबंध नाही. पण नावात ग्रह आहे म्हटल्यावर सोसायटीचे सेक्रेटरी मुलाची पत्रिका घेऊन वर यायचे. “मॅडम, मंगळ कडक आहे का हो?” बाई चष्मा लावून पत्रिका दोन्ही बाजूंनी नीट बघायच्या आणि म्हणायच्या, “छपाई छान आहे.”

मला त्या ‘नाटक्या’ म्हणायच्या. कॉलेजच्या प्रत्येक कार्यक्रमाचा निवेदक मी, आणि वर्गात न्यूटनचे नियमही मी पडदा उघडल्यासारखे शिकवायचो. “नाटक्या, तुझं शिकवणं कळतं रे मुलांना,” त्या म्हणायच्या, “फक्त टाळ्या कुठे वाजवायच्या ते जास्त कळतं.”

असला थंड, जुना वायू डोळ्यांना दिसत नाही. त्याचे रेणू बारीकशा रेडिओ लहरी सोडतात, त्या मोठ्या तबकडीच्या दुर्बिणीने पकडाव्या लागतात. तबकडी परदेशातल्या डोंगरावर. अर्ज करकरून तिचे वर्षाला जेमतेम काही तास मिळायचे, आणि ती फिरवायची डोंबिवलीतून, कॉम्प्युटरवर. रांगोळीसारखे आकाशात ठिपके ठरवायचे, एकेका ठिपक्यावर दुर्बीण रोखायची आणि तिथे किती वायू आहे ते लिहायचं. कॉम्प्युटर क्षणात रंगीत नकाशा काढून द्यायचा. बाई मात्र आधी आलेखाच्या कागदावर पेन्सिलीने काढायच्या. मी एकदा कुरकुर केली, तर म्हणाल्या, “रंग नंतर. रंग भरला की माणूस लगेच विश्वास ठेवतो.” ज्या ठिपक्यावर काहीच सापडलं नाही, तिथलाही आकडा त्या तितक्याच मन लावून लिहायच्या. “नाही तर नाही. पण बघून आलोय ना आपण? मग लिही.”

ही सवय नकाशापुरती नव्हती. मी मुलगी बघून आलो आणि बाईंना सगळी हकिगत रंगवून सांगितली; ती काय म्हणाली, मी काय म्हणालो, तिचा मामा काय म्हणाला. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “आणि ती गप्प कुठे बसली?” ते मी बघितलंच नव्हतं. तीच मुलगी आज माझी बायको आहे, आणि ती कुठे गप्प बसते ते मला अजूनही उशिराच कळतं.

आता जरा लक्ष द्या, कारण माझा गुन्हा इथे आहे. दुर्बिणीला त्या वायूपेक्षा हवेचा आणि स्वतःच्या यंत्राचा गोंगाट कितीतरी जास्त ऐकू येतो. म्हणून शेजारची एक रिकामी जागा निवडायची, तिथला गोंगाट मोजायचा आणि तो वजा करायचा. उरेल तो आपला वायू. पण ती जागा खरोखर रिकामी नसली, तिथे वाटेत वायूचाच भलता एखादा ढग असला, तर तोही वजा होतो आणि नकाशातला खराखुरा वायू खाऊन टाकतो. म्हणून सुरुवातीला अर्धा तास खर्चून ती रिकामी जागा तपासायची. बाईंचा हा नियम म्हणजे नियम.

त्या दिवशी सकाळी अकराला आमची वेळ सुरू व्हायची होती, आणि नेमकं बाईंच्या आईंना चक्कर आली. बाई त्यांना घेऊन डॉक्टरकडे निघाल्या. दारातून म्हणाल्या, “नाटक्या, आधी रिकामी जागा बघ. मगच सुरू कर.”

मी घड्याळाकडे बघितलं. हातात चार तास. त्यातला अर्धा, काहीच नसलेल्या आकाशावर? मी सरळ नकाशा सुरू केला. दुपारी बाई घामाघूम होऊन परतल्या, चप्पल काढायच्या आधी त्यांनी विचारलं, “बघितलीस?”

“बघितली की! स्वच्छ, बाई. आरशासारखी.”

नुसतं ‘हो’ म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण मला आरसा लागतो.

वायूचं सुंदर कडं उमटलं होतं, फक्त पश्चिमेला तुटलेलं. ते बघताच मला न तपासलेली रिकामी जागा आठवली. बाई मात्र हरखल्या. “अरे, इथून फुटलंय ते!” पुढची दोन वर्षं त्या तेवढ्या एका फटीवर त्यांनी घालवली. वायू तिथून कसा निसटला असेल याची गणितं केली, शोधनिबंध लिहिला, त्यात दुसरं नाव माझं घातलं. रोज ठरवायचो, आज सांगू. रोज त्यांच्या आईंना बरं नसायचं, किंवा परीक्षा असायच्या, किंवा बाई इतक्या खूश असायच्या की सांगवायचं नाही. खरं कारण एकच: माझी जीभ फक्त कौतुक होणार असेल तेव्हाच चालते.

निवृत्तीनंतर बाई टिटवाळ्याला नव्या इमारतीत राहायला गेल्या. तिथल्या स्टेशनवर मी दोनदा उतरलो आहे आणि दोन्ही वेळा पुलाचा जिना न चढता परत फिरलो आहे. आज माझ्या विद्यार्थ्यांना मी रिकामी जागा तीन तीनदा तपासायला लावतो. ते मला खडूस म्हणतात. बाईंचा खरा शिष्य, असंही म्हणतात. ते ऐकवत नाही.

त्याआधीचं सांगायचं राहिलं. बाईंचा निरोप समारंभ ठाण्यात झाला. व्याख्यान त्यांचं, निवेदन अर्थात माझं. पडद्यावर ते तुटलेलं कडं होतं. प्रश्नोत्तरांत मोहने गावची एक मुलगी उठली. बाईंचीच जुनी विद्यार्थिनी, आता संशोधन करणारी. फार संकोचून म्हणाली, “मॅडम, सॉरी हां... पण तुमच्या रिकाम्या जागेवर ढग आहे. आम्हाला दिसलाय. त्याचा वेगही फटीत असायला हवा त्या वायूएवढाच येतो, म्हणजे नेमका तोच वजा झालाय.”

बाईंनी तिच्याकडून आकडे मागून घेतले. फळ्यावर मांडले, वजाबाकी केली, पुन्हा केली. खडू खाली ठेवला.

“हिचं बरोबर आहे,” त्या म्हणाल्या. “कडं पूर्ण आहे. ते मी तोडलं. जागा तपासणं माझं काम होतं, ते माझ्याकडून झालं नाही. निबंध मी मागे घेईन.”

त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. बघितलं असतं तर बरं झालं असतं. नोकरीच्या शेवटच्या दिवशी, हाताला खडू लागलेल्या त्या बाई मंचावर एकट्या उभ्या होत्या.

माईक माझ्या हातात होता. सगळे माझ्याकडे बघायला लागले, कारण अशा वेळी काहीतरी बोलणं हेच निवेदकाचं काम. वाक्य तयार होतं, दोन वर्षं घोकलेलं. मी एक पाऊल पुढे टाकलं, माईक तोंडाशी नेला, श्वास घेतला आणि शेवटच्या रांगेपर्यंत पोचणाऱ्या माझ्या त्या खणखणीत आवाजात म्हणालो, “चला मंडळी, खाली वडे गरम आहेत!”